रस्ता चियांग मायचा, नाव सालवीनकाठचे

१२९६ मध्ये राजा मंगराय याने वसवलेले चियांग माय १८व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रह्मी-सयामी युद्धांमुळे जवळजवळ ओस पडले. १७९६ च्या सुमारास काविल याने ते पुन्हा वसवण्यास घेतले. तट डागडुजीने उभा राहतो. पण माणसे कोठून आणायची? त्याने सालवीन नदीच्या खोऱ्यापर्यंत मोहिमा काढल्या आणि गावेच्या गावे उचलून आणली. त्यांतील चांदीकाम करणारे दक्षिण वेशीबाहेर वसले. सोबत त्यांनी मूळ गावाचे नावही आणले: वुआ लाय. आज त्याच रस्त्यावर शनिवारी बाजार भरतो, चांदीची नक्षी वाखाणली जाते. परंतु ती कला येथे व्यापाराने नव्हे, सक्तीच्या स्थलांतराने आली. जुन्या शहरात हिंडताना म्हणूनच रस्त्याच्या नावाकडेही साधन म्हणून पाहावे.