पगार, परवाना आणि पाद्र्यांची राजकीय वाणी

मालवणच्या किनाऱ्यावर ‘पाद्री’ हा शब्द उच्चारताच रोमन कॅथलिक धर्मगुरूच डोळ्यांपुढे येतो. गोव्याच्या सान्निध्यामुळे येथील ख्रिस्ती समाज बहुतांशी त्याच पंथाचा आहे. प्रॉटेस्टंटांचे कार्य या भागात त्या मानाने उशिरा, वेंगुर्ल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या रूपाने रुजले. तथापि ज्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण १९८१ पर्यंत मोडत असे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, करजगाव येथे, १८६१ मध्ये नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये स्वदेशाभिमानाचा उच्चार करणाऱ्यांत त्यांना अग्रस्थान द्यावे लागते.

पाद्र्याने राजकारणाविषयी बोलावे की नाही, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राचा समजला जातो. मराठी मुलुखापुरते पाहता तो पुष्कळ अंशी पगाराचा आणि परवान्याचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत ते पाळक झाले. अहमदनगरास १८४२ मध्ये निघालेल्या ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी अखेरच्या वर्षांत केले. लोकमान्यांप्रमाणे त्यांनी सरकारविरुद्ध चळवळ उभारली, असे मात्र नव्हे. त्यांचा रोख निराळा होता. ख्रिस्ती झालेला मनुष्य देशाला पारखा होत नाही, हे त्यांना एकीकडे हिंदू समाजाला सांगावयाचे होते. आणि परदेशी मिशनऱ्याने हिंदी ख्रिस्त्याचा मायबाप होऊन बसू नये, हे दुसरीकडे मिशनला. भजन-कीर्तनाची पद्धती त्यांनी उपासनेत आणली, तीही या दृष्टीने केवळ संगीताची सुधारणा नव्हती. देवळातील सत्ता कोणाची, हा प्रश्न तिच्या पोटात होता. परंतु असे बोलणारा पाळक त्याच मिशनचा वेतनदार होता. ही विसंगती टिळकांना सलत असली पाहिजे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. मे १९१९ मध्ये त्यांचा अंत झाल्याने तो प्रयोग अपुराच राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने ब्रिटिशेतर मिशनांकडून प्रस्थापित राज्यसत्तेशी एकनिष्ठ राहण्याची हमी घेतली. पगार देणारी संस्थाच अशी बांधली गेल्यावर तिच्या नोकराची वाणी किती मोकळी राहणार?

अँग्लिकन पंथात हाच प्रश्न परवान्याच्या रूपाने उपस्थित झाला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघात व्हेरियर एल्विन १९२७ च्या अखेरीस दाखल झाले. पुण्याच्या आश्रमात राहून त्यांनी मिठाच्या सत्याग्रहाचे ख्रिस्ती दृष्टीने समर्थन केले. पुढे संघ सोडून ते मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे शामराव हिवाळे यांच्यासह गोंडांच्या सेवेस गेले. तेव्हा नागपूरचे बिशप वुड यांनी परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विननी ती नाकारली व परवाना मिळाला नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च १९३० मध्येच कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून विभक्त झाले होते. बंधन तुटले, सवय तुटली नव्हती.

तरीही एल्विनना निव्वळ वीर ठरविणे अनैतिहासिक होईल. वायव्य सरहद्द प्रांतातील दडपशाहीची पाहणी करावयास ते १९३२ मध्ये गेले असता त्यांना तेथून घालवून देण्यात आले. त्यानंतर इंग्लंडहून परत येण्यासाठी राजकारणात भाग न घेण्याचे वचन त्यांनी सरकारला लिहून दिले. बिशपला नाकारलेली निष्ठा आणि सरकारला दिलेले मौन यांत भेद आहे खरा. पण करंजियाचे काम हातचे जाऊ नये, यासाठी दिलेली ती किंमत होती. १९३५ मध्ये त्यांनी चर्चशी असलेला संबंधही तोडला. टिळकांनी पगार सोडला होता, पण ‘ज्ञानोदय’ व उपासक यांच्याशी असलेला त्यांचा धागा अखेरपर्यंत तुटला नाही.