साईबाबा प्रकरण : मत कुठं संपतं, गुन्हा कुठं सुरू होतो?

"हे प्रोफेसर लोक सगळे नक्षल्यांचेच" असं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत टपरीवर सहज बोललं जातं. म्हणून एका प्रकरणाच्या तारखा लावून बघू.

२०१३ मध्ये अहेरी पोलिसांनी महेश तिर्की, पांडू नरोटे आणि जेएनयूचा विद्यार्थी हेम मिश्रा यांना पकडलं. तपास पोहोचला दिल्ली विद्यापीठाच्या रामलाल आनंद कॉलेजात. तिथले इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा, पोलिओमुळे व्हीलचेअरवर, यांना मे २०१४ मध्ये अटक झाली. ७ मार्च २०१७ ला गडचिरोली सत्र न्यायालयाने यूएपीएखाली जन्मठेप दिली. २०२१ मध्ये कॉलेजने नोकरीतून काढलं.

१४ ऑक्टोबर २०२२ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सोडलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सुप्रीम कोर्टाने बसून स्थगिती दिली. नंतर फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०२४ ला हायकोर्टाने पुन्हा निर्दोष ठरवलं. खटल्याची मंजुरी कायद्यात बसत नव्हती, पुरावाही टिकला नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, इंटरनेटवरून माओवादी साहित्य उतरवून घेतलं, एवढ्याने गुन्हा होत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

साईबाबांचं राजकारण डावं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. ते तुम्हाला पटायलाच पाहिजे असं नाही. नक्षली हिंसेत आपले पोलीस जवान गेले, खबरी म्हणून आदिवासी मारले गेले. हे दुःख खरंच आहे. पण म्हणूनच तर खरा गुन्हेगार पुराव्यानिशी पकडला पाहिजे. मास्तर डावा की उजवा, हे वर्गात वाद घालून ठरवा. त्यासाठी जेल नाही.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत आलं. जंगल, खाणी, पेसा, विस्थापन यावर संशोधन इथं नाही तर कुठं व्हायचं? त्यासाठी नक्षल्यांची पत्रकंही वाचावी लागतात. ती कपाटात ठेवायची भीती वाटली, तर हा इतिहास लिहिणार कोण?

साईबाबा १२ ऑक्टोबर २०२४ ला हैदराबादला गेले, सुटकेनंतर जेमतेम सात महिन्यांत. एटापल्ली तालुक्यातले पांडू नरोटे तर ऑगस्ट २०२२ मध्येच, नागपूर जेलमध्ये असताना आजारी पडून वारले. निर्दोष ठरलेल्यांत त्यांचंही नाव आहे. प्रोफेसरांसाठी दिल्लीत सभा झाल्या. आपल्या या माणसाचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं?