शिरपूरचे कुलूप

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर हे जैनांचे पुरातन तीर्थक्षेत्र आहे. येथील पार्श्वनाथांची मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. म्हणून ते ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’. दिगंबर व श्वेतांबर हे दोन्ही पंथ येथे पूजा करीत. वाद वाढला, तेव्हा १९०५ साली उभयतांनी पूजेचे वेळापत्रक ठरविले. प्राचीन मूर्तीसमोर घड्याळ आले, ते भांडण मिटविण्यासाठी. पण समेट टिकला नाही. १९१० साली अकोल्यात दावा दाखल झाला. १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने श्वेतांबरांना व्यवस्थापनाचा हक्क दिला. दिगंबरांचा पूजेचा हक्क कायम राहिला. मूर्तीच्या लेपावरून वितुष्ट चालूच राहिले आणि १९८१ साली मूर्तीच्या दालनाला कुलूप लागले. ते निघाले मार्च २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. त्याच महिन्यात दोन्ही पंथांत हाणामारीही झाली.

परंपरा आणि आधुनिकता एकमेकींच्या वैरिणी, असे आम्ही सहज म्हणून जातो. शिरपुरात मात्र परंपरेनेच आधुनिक कायद्याला साकडे घातले. त्याने दार उघडले. मने उघडणे त्याच्या हाती नव्हते.

शेजाऱ्याचे उणे काढावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. इतर धर्मांतील सत्याचा आदर करण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आम्हांला शिकविले आहे. आमच्याही धर्मग्रामांत मिस्साच्या वेळेवरून, भाषेवरून, सणाच्या मानावरून अबोला धरला जातोच. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा. ती पाळण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.