मुंबईचा धूर, मुळशीचं पाणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला, आणि पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. गिरणी म्हटली की तिचा स्वतःचा बॉयलर, स्वतःची चिमणी आणि आवारात कोळशाचा ढीग आलाच. धूर किती निघणार हे बरंचसं भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असे. त्याने फावड्याने कोळसा थोडा थोडा, पसरून टाकला तर तो नीट जळायचा. घाईने एकदम लोटला, तर हवा पुरायची नाही आणि चिमणीतून काळेकुट्ट लोट निघायचे. ते खाली उतरायचे ते गिरणीच्याच सावलीत राहणाऱ्या कामगारांच्या चाळींवर.

हा धूर आवरण्यासाठी १९१२ साली मुंबईसाठी धूर-उपद्रव कायदा झाला. आयोग नेमला गेला, निरीक्षक आले, भट्ट्यांवर देखरेख सुरू झाली. त्याच सुमारास धुराच्या मुळाशी जाणारा एक उपाय सह्याद्रीत आकार घेत होता. घाटमाथ्यावरचा धो धो पाऊस अडवायचा, पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली कोकणात सोडायचं, त्यावर वीज करायची आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पोचवायची, असं जमशेटजी टाटांचं स्वप्न होतं. १९०४ मध्ये ते वारले. पुढचं काम त्यांच्या मुलांनी केलं. १९१० साली कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याजवळ धरणं बांधली गेली आणि १९१५ साली खोपोलीची वीज सत्तर किलोमीटरवरच्या मुंबईत येऊन पोचली. वीज स्वस्त पडणार होती, कोळशावरची भिस्त कमी होणार होती, आणि शहरावरचं धुराचं सावट विरळ होणार होतं. शहराच्या बाजूने पाहिलं तर या योजनेत नाव ठेवावं असं काहीच नव्हतं.

विजेची भूक मात्र वाढत गेली. टाटांची दुसरी कंपनी आंध्रा खोऱ्यात उतरली आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. तिसऱ्या योजनेसाठी जागा निवडली गेली ती पुण्याच्या पश्चिमेला, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ. तिथे धरण झालं की मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं बाधित होणार होती.

मुळशीचं खोरं म्हणजे भाताचं खोरं. इथला आंबेमोहर पुण्याच्या घराघरांत जात असे. डोंगरउतारावर नाचणी-वरई, खाली पाणथळ खाचरात भात, आणि खाचराच्या बांधाबांधाला पिढ्यांची मेहनत. इथले शेतकरी, म्हणजे मावळे, या जमिनी कसत होते, तरी अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर होत्या किंवा त्यांच्याकडे गहाण पडल्या होत्या. पुढच्या लढ्याचं भवितव्य या एका गोष्टीने ठरवलं. पैशाच्या मोबदल्याचा अर्थ सावकारासाठी एक होता आणि कुळासाठी दुसरा. सावकाराला रोख रक्कम मिळाली की त्याचं काम भागत होतं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याची जमीनही जात होती आणि मोबदलाही दुसऱ्याच्या पदरात पडत होता.

जमीन घ्यायला १८९४चा भूसंपादन कायदा हाताशी होता. सार्वजनिक हिताचं कारण दाखवलं की खासगी कंपनीसाठीही सरकार जमीन घेऊ शकत असे. गावकऱ्यांना विचारण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. पुण्याचे विनायकराव भुस्कुटे यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि मावळ्यांची संघटना बांधायला सुरुवात केली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सुमारे बाराशे माणसं धरणाच्या जागी जाऊन बसली आणि काम थांबलं. नेतृत्वात पुढे होते पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली, हे आज पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

काही काळ काम बंद राहिलं, मग पुन्हा सुरू झालं. अटका झाल्या, शिक्षा झाल्या, मावळातल्या बायकाही या लढ्यात उतरल्या. पण आतून फूट पडत गेली. जमीनदारांचा कल चांगला मोबदला पदरात पाडून घेण्याकडे होता, कुळांना धरणच नको होतं. १९२४च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामगारांची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तिथे संपला. १९२७ साली भिरा इथलं वीजघर सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं.

या व्यवहारात वीज हवी की नको हा प्रश्न गौण होता. लालबागच्या चाळीतल्या पोराच्या छातीत कमी धूर जावा, याला कोणता माणूस ना म्हणेल? पण ज्या मावळ्याने तो धूर कधी हुंगलाही नव्हता, त्याच्या खाचराने त्याची किंमत भरली, आणि ती किती हे ठरवताना त्याला कुणी विचारलं नाही. निसर्गाचा हिशेबही असाच राहून गेला. मुळशीचं पाणी मुळा-मुठेतून भीमेला जायचं. धरणानंतर ते घाट उतरून कोकणात आणि पुढे समुद्राला जाऊ लागलं. टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळणारं हे पाणी वर्षाला सुमारे ४२ टीएमसी. भीमेवरचं उजनी धरण कोरडं पडलं की सोलापूरकडून दर दुष्काळात या पाण्याची मागणी होते.

धूरही मुंबई सोडून गेला नाही. १९५०च्या दशकात ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र आलं आणि गिरणगावाऐवजी चेंबूर खोकू लागलं. पुढे उपनगरांच्या विजेसाठी कोळसा जळू लागला तो डहाणूत, चिकूच्या वाड्यांच्या शेजारी. तिथल्या राखेतून आणि गंधकाच्या धुरातून वाट काढायला सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला लावावं लागलं.

कायदा बदलायला फार वर्षं गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला, तेव्हा मुळशी बुडून पन्नास वर्षं होत आली होती. १८९४चा कायदा जाऊन त्या जागी २०१३चा कायदा आला आणि जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करणं बंधनकारक झालं. जमीनमालकाखेरीज तिच्यावर पोट असणाऱ्या कुळांची आणि मजुरांचीही त्यात गणना होते. बापटांच्या बाराशे माणसांच्या वाट्याला असं संरक्षण आलं नव्हतं.

हे संरक्षण जमिनीपुरतं आहे, धूर आवरण्याच्या आदेशांना ते लागू होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. या भट्ट्यांमध्ये जुन्या फर्निचरचं, पाडलेल्या इमारतींचं भंगार लाकूडही जळतं, त्यावर रंग आणि वार्निश असतं. तो धूर थांबायलाच हवा. पण चिंचोळ्या गल्लीतल्या भाड्याच्या गाळ्यात गॅसची पाइपलाइन कशी पोचणार, नवी भट्टी कुणाच्या पैशाने बसणार, आणि ती बसेपर्यंत पहाटे लादीपाव भाजणाऱ्या कामगाराला पगार कोण देणार? इथे कुणाचीही जमीन घेतली जात नाही, म्हणून २०१३च्या कायद्यानुसार हे प्रश्न विचारणं कुणावरही बंधनकारक नाही.