भूपती : दलमपासून आत्मसमर्पणापर्यंत

बंदी असलेल्या भाकप (माओवादी) या संघटनेच्या पॉलिटब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती ऊर्फ सोनू ऊर्फ अभय याने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोली पोलिसांपुढे शस्त्रे खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी पोलीस मुख्यालयात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत औपचारिक आत्मसमर्पण झाले. या गटाने एकूण ५४ शस्त्रे जमा केली. त्यांत सात एके-४७ आणि नऊ इन्सास रायफली होत्या.

भूपती मूळचा तेलंगणातील पेद्दपल्लीचा. वडील स्वातंत्र्यसैनिक, स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर. थोरला भाऊ कोटेश्वर राव ऊर्फ किशनजी हाही याच चळवळीत होता. तो २४ नोव्हेंबर २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये मारला गेला.

१९८० मध्ये आंध्रात पीपल्स वॉर गटाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी त्याची माणसे प्राणहिता ओलांडून सिरोंचा भागात उतरली. नोव्हेंबरात मोयाबीनपेठा येथे पेद्दी शंकर हा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. चंद्रपूरचे विभाजन २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाले. तेंदूपाने आणि बांबूतोडीची तुटपुंजी मजुरी, तसेच वनकर्मचाऱ्यांचा जाच, यांमुळे आदिवासी गावांत या पाहुण्यांना थारा मिळाला. हे मान्य केल्याशिवाय पुढची चाळीस वर्षे समजत नाहीत.

पुढे मजुरीचा प्रश्न मागे पडून बंदूक पुढे आली. २००९ या एका वर्षात मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. पोलिसांइतकीच, किंबहुना अधिक, झळ गावकऱ्यांना बसली. 'पोलिसांचा खबऱ्या' असा शिक्का मारून रात्री घरातून उचलायचे आणि सकाळी रस्त्यावर प्रेताशेजारी पत्रक टाकायचे, ही पद्धत इथे वर्षानुवर्षे चालली. अशा रीतीने शेकडो आदिवासींचा बळी गेला.

नेमक्या कोणत्या घटनेत भूपतीचा किती हात होता, हे न्यायालयात सिद्ध व्हायचे आहे. मात्र मध्यवर्ती समितीचा सदस्य आणि 'अभय' या नावाने निवेदने काढणारा प्रवक्ता म्हणून संघटनेच्या निर्णयांपासून तो दूर नव्हता.

त्याची पत्नी विमला सिडाम ऊर्फ तारक्का ही अहेरी तालुक्यातील. तिने १ जानेवारी २०२५ रोजीच आत्मसमर्पण केले होते. २१ मे रोजी सरचिटणीस बसवराजू अबूझमाडमध्ये ठार झाला. सप्टेंबरमध्ये 'अभय'च्या नावाने सशस्त्र लढा तात्पुरता थांबवण्याची तयारी दर्शवणारे पत्रक आले. संघटनेने ते त्याचे वैयक्तिक मत ठरवले, त्याला गद्दार म्हटले आणि हत्यारे परत करण्याचे फर्मान काढले. ती हत्यारे शेवटी गडचिरोली पोलिसांकडे गेली.

आत्मसमर्पित आणि माफीचा साक्षीदार यांत गल्लत होते. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना ऑगस्ट २००५ पासूनची. ती प्रशासकीय आहे. तीत हुद्द्याप्रमाणे रक्कम आणि पुनर्वसनासाठी साहाय्य मिळते, पण त्यामुळे कोणी आपोआप निर्दोष ठरत नाही. माफीचा साक्षीदार ही न्यायालयीन बाब. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४३, यानुसार संपूर्ण व खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देते. अट मोडली तर त्याच्यावर खटला चालू शकतो. शिवाय अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा असल्याशिवाय न्यायालये सहसा तीवर विसंबत नाहीत. जंगलातल्या खुनांत असा दुजोरा मिळणे कठीण, कारण पाहणारे गावकरी बोलत नाहीत. ज्यांच्या घरचा माणूस 'खबऱ्या' म्हणून गेला, त्यांच्यासाठी हा फरक केवळ तांत्रिक नाही.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी माडवी हिडमा आंध्रात मारला गेला. त्यानंतर भूपतीची चित्रफीत प्रसृत झाली. जंगलात उरलेल्यांनी शस्त्रे सोडून बाहेर यावे, असे आवाहन त्याने तीत केले होते.