चासीचे वंगण

* चासीचे वंगण : मुंबई–कोल्हापूर मोटारचाचणीत १९०८ साली धावलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (कारकीर्द १८८६–१९२५) यांच्याकडे आली. त्या काळच्या मोटारींची चासी, म्हणजे यंत्र व चाके पेलणारा पोलादी सांगाडा, पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांवर, तोललेली असे. गाडीला हिसका बसला की या पट्ट्या एकमेकींवर घासत आणि त्यांच्यात धूळ किंवा पाणी शिरले की गंजून आखडत. म्हणून त्यांच्या फटींत वंगण भरून काही मालक वरून चामड्याचे वेष्टण घालीत, तर पाट्यांच्या टोकांच्या खिळींवर ग्रीसच्या लहान पितळी वाट्या बसवलेल्या असत, ज्यांचे झाकण आटे पिळून थोडे आवळले की आतले ग्रीस सांध्यात ढकलले जाई. हे काम वरचेवर करावे लागे, आणि मोटारीसोबत स्वतंत्र माणूस बाळगण्याचे कारण केवळ थाट नव्हे, हेही होते. ग्रीस म्हणजे साबणाने घट्ट केलेले तेल. त्यातले चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याने सहसा धुऊन जात नाही, त्यामुळे पावसाळी चिखलात ते विशेष उपयोगी.