लाल बावट्याचे अंतर

रेल्वेमार्गावर अथवा रस्त्यावर दुरुस्तीचे काम चालू असता येणारे वाहन वेळीच थोपविण्यासाठी जो मनुष्य हातात लाल बावटा घेऊन उभा राहतो, त्याच्या कामगिरीकडे आपण आजवर फारशा आदराने पाहिलेले नाही. घण घालणाऱ्याचे बळ दिसते, रूळ बसविणाऱ्याचे कसब दिसते. परंतु नुसते उभे राहणे हेच ज्याचे काम, त्याला शिकवायचे ते काय, ही शंका साहेबापासून मुकादमापर्यंत अनेकांच्या मनात घर करून राहिली आहे. या शंकेचे निरसन रेल्वेच्या इतिहासात जागोजागी सापडते. बावटा धरण्यास शिक्षण लागत नाही असे क्षणभर मानले, तरी तो कोठे धरावा, कोणत्या क्षणी धरावा आणि कोणाच्या हुकमावाचून खाली करू नये, हे शिकविल्याशिवाय कोणासही येत नाही.

इंग्लंडात १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा मार्गावर ठिकठिकाणी तैनात केलेले कंपनीचे पोलीस शिपाईच हातांच्या खुणांनी गाड्यांना इशारे देत असत. प्रत्येक कंपनीचा शिरस्ता निराळा असल्यामुळे माजणारा घोटाळा टाळण्यासाठी जानेवारी १८४१ मध्ये बर्मिंगहॅम येथे रेल्वे-व्यवस्थापकांची परिषद भरली आणि तांबडा रंग धोक्याचा, हिरवा सावधगिरीचा व पांढरा निर्वेधतेचा, असा संकेत तिने मान्य केला. पुढे पांढऱ्या दिव्याचा साध्या दिव्याशी घोटाळा होतो असे अनुभवास आल्यावर निर्वेधतेचा मान हिरव्याकडे गेला. त्याच १८४१ साली एडवर्ड कूपर या अभियंत्याने रुळावर बसवावयाचा दारूचा फटाका शोधून काढला. चाक त्यावरून जाताच होणारा स्फोट दाट धुक्यातही चालकाच्या कानी पडत असल्याने डोळ्यांना दिसणाऱ्या बावट्याला कानांची साथ मिळाली. अशा रीतीने साधने सिद्ध झाली. ती वापरणाऱ्या माणसाचे शिक्षण मात्र मागे राहिले.

त्या उणिवेचे परिणाम किती भयंकर असू शकतात, हे ९ जून १८६५ रोजी केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट गावाजवळ दिसून आले. बेल्ट नदीवरील लहानशा पुलावरच्या जुन्या तुळया बदलण्याचे काम चालू होते आणि त्यासाठी रूळ काढून ठेवलेले होते. फोकस्टनहून सुटणारी बोटीची गाडी समुद्राच्या भरतीप्रमाणे रोज निराळ्या वेळी येत असे. मुकादम हेन्री बेंज याने वेळापत्रकात दुसऱ्याच दिवसाचा रकाना पाहिला आणि गाडीस अद्याप दोन तासांचा अवकाश आहे, अशी स्वतःची समजूत करून घेतली. नियमाप्रमाणे बावटेवाला कामापासून १००० यार्डांवर उभा असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो ५५४ यार्डांवर होता, कारण तारायंत्राचे खांब मोजून अंतर ठरविण्याची तेथे वहिवाट होती आणि त्या भागात खांब नेहमीपेक्षा जवळ जवळ रोवलेले होते. त्याच्यापाशी फटाके दोनच होते आणि तेही धुके असल्यासच लावावेत, असे त्याला सांगण्यात आले होते. चालकाने बावटा पाहिला, शिटी दिली, ब्रेक लावण्यात आले; परंतु गाडी थांबण्यास हवे असलेले अंतर शिल्लक राहिलेच नव्हते. दहा माणसे मृत्युमुखी पडली आणि चाळीस जखमी झाली. त्या गाडीत प्रवास करीत असलेले कादंबरीकार चार्ल्स डिकन्स बचावले व जखमींच्या शुश्रूषेस धावले. पण त्या दुर्घटनेचा धसका त्यांनी जन्मभर वागविला.

या प्रसंगाची मीमांसा करताना सारा दोष वेळापत्रक चुकीचे वाचणाऱ्या मुकादमाच्या माथी मारणे सोपे आहे आणि न्यायासनाने शिक्षाही त्यालाच केली. तथापि बावटेवाल्याला यार्ड म्हणजे किती पावले हे शिकविले असते, खांबांवर विसंबू नये अशी ताकीद दिली असती, आणि गाडी अपेक्षित असो वा नसो, फटाके लावलेच पाहिजेत हा नियम त्याच्या अंगवळणी पाडला असता, तर मुकादमाची चूक कागदावरची चूक म्हणूनच राहिली असती. एकाच्या प्रमादापासून दुसऱ्याच्या दक्षतेने रक्षण व्हावे, एवढ्यासाठीच तर या पदाची योजना आहे. त्याच वर्षी जुलै महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने सडकेवरील वाफेच्या गाड्यांपुढे ६० यार्डांवर लाल बावटा घेतलेला मनुष्य पायी चालला पाहिजे, असा कायदा केला. ताशी चार मैलांनी सरकणाऱ्या गाडीला साठ यार्ड आणि धावत्या आगगाडीला हजार यार्ड, या दोन आकड्यांच्या तफावतीतच या विद्येचे मर्म आहे. बावट्याची जागा वाहनाचा वेग व वजन ठरवितात. उभे राहणाऱ्याच्या सोयीला तेथे स्थान नाही.

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत २१ मैलांचा प्रवास करून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या नव्या युगाचा आरंभ केला, आणि दहा वर्षांनी १८६३ साली भोर घाटातील चढणही खुली झाली. मार्ग तयार झाला की त्याची निगा आली आणि निगेबरोबर गँग आली. मुकादम अथवा मेट, रोज पायी फिरून किल्ल्या व जोड तपासणारा कीमन, आणि त्यांच्या हाताखालचे गँगमन ही उतरंड आजही बहुतांशी कायम आहे. अभियंत्यांसाठी पुण्यास १९५९ साली लोहमार्गाच्या शिक्षणाची शाळा निघाली आणि तीच पुढे मोठ्या संस्थेच्या रूपाने विस्तारली. गँगमनची पहिली शाळा मात्र त्याचा मुकादमच होता आणि ती रुळांवरच भरत असे.

त्या शाळेतील पाठ ऐकण्यास सोपे, आचरण्यास कठीण आहेत. एक दिवसाच्या आत संपणाऱ्या ज्या कामासाठी गाडी थांबविणे भाग असते, तेथे रुंदमापी मार्गावर कामापासून ६०० मीटरवर रुळांवर आडवा बॅनर बावटा लावावयाचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके बसवावयाचे, आणि कामापासून ३० मीटरवर, बॅनरपाशी व फटाक्यांपासून ४५ मीटरवर हातातील लाल बावटा दाखवावयाचा. अकस्मात रूळ तुटलेला आढळला, तर धावत जाऊन आधी ६०० मीटरवर एक फटाका लावावा व मग १२०० मीटरवर तीन लावावेत, असा क्रम आहे. कारण पुढचा टप्पा गाठण्यापूर्वीच गाडी आली, तर निदान मागे एक इशारा तरी ठेवलेला असावा. हाताशी बावटा नसेल, तर दोन्ही हात डोक्यावर उंच करणे हीच थांबण्याची खूण. रात्री लाल दिवा नसेल, तर पांढरा दिवाच शरीरासमोर आडवा, जोरजोराने हलवावयाचा. हिरवा बावटा स्थिर धरला तर गाडीने जावे, वर-खाली हलविला तर जपून जावे.

या पाठांआधी डोळ्यांची परीक्षा होते आणि तिलाही इतिहास आहे. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडा येथे झालेल्या रेल्वे-अपघातानंतर फ्रिथिओफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी निवडावयास लावून कामगारांचे रंगांधत्व हुडकण्याची पद्धत रूढ केली. तांबडे-हिरवे ओळखणे ही निसर्गाची देणगी सर्वांस सारखी मिळत नाही, हे सत्य तेव्हापासून नोकरीच्या अटींत आले.

या विद्येतील सर्वांत अवघड धडा धैर्याचा आहे. मुंबईत रविवारचा मेगाब्लॉक जाहीर झाला की गाडी चुकलेल्या प्रवाशांचा त्रागा आपण ऐकतो. मात्र त्या अवकाशात रुळांवर वाकून काम करणाऱ्यांचे प्राण दूरवर एकट्या उभ्या असलेल्या माणसाच्या निश्चयावर टांगलेले असतात. काम उरकल्याचा निरोप रीतसर येईपर्यंत कोणाही अधिकाऱ्याच्या घाईपुढे त्याने बावटा गुंडाळता कामा नये. हुकूम मानण्याची सवय लागलेल्या मनुष्याला योग्य वेळी ठाम नकार देण्यास शिकविणे, हा या शिक्षणाचा कळस होय.

रेल्वेने एवढ्या यातनांतून मिळविलेले हे ज्ञान सडकेपर्यंत पुरतेपणी पोचलेले नाही, याचे मला मनापासून दुःख होते. इंडियन रोड्स काँग्रेसने कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी २००१ साली मार्गदर्शिका काढली आणि २०१४ साली ती सुधारली; पूर्वसूचनेच्या टप्प्यापासून काम संपल्याच्या टप्प्यापर्यंत रस्त्याचे भाग कसे पाडावेत आणि बावटेवाल्याने काय करावे, याचे विवेचन तीत आहे. असे असूनही आपल्या महामार्गांवर पुष्कळदा ठेकेदार त्याच दिवशी हजेरीवर घेतलेल्या मजुराच्या हाती झेंडी देऊन त्याला वळणावर उभे करतो. कागदावरचा नियम त्या मजुराच्या पायांत आणि डोळ्यांत उतरावा लागतो. ताशी शंभर किलोमीटरने येणारी मोटार किती अंतरात थांबते हे त्याने स्वतः पावलांनी मोजलेले असावे लागते. म्हणून कामाच्या निविदेत खडी आणि डांबर यांच्या दराबरोबर या माणसाच्या शिक्षणाचा खर्चही स्वतंत्र रकान्यात मांडला जावा, आणि शिक्षणाचा दाखला नसलेल्या हातात बावटा देणे हा ठेकेदाराचा अपराध गणला जावा. स्टेपलहर्स्टच्या बावटेवाल्याला जे कोणी शिकविले नाही, ते आपल्या मजुराला शिकविणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी नव्या अपघाताची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.